गांधीजींचा जन्मभराचा प्रवास नकाशावर कसा मांडावा

गांधीजींच्या प्रवासाचा नकाशा करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पोरबंदर, लंडन, दर्बान, चंपारण, दांडी, नोआखाली अशी ठिकाणं टाकतो आणि क्रमाने रेषांनी जोडून मोकळा होतो. नकाशा तासाभरात तयार होतो, पण त्यातल्या बहुतेक रेषा कधी घडल्याच नव्हत्या. चंपारणहून दांडीला कुणी गेलं नाही. त्या दोन बिंदूंमध्ये तेरा वर्षं आहेत, त्या वर्षांत शेकडो गावं आहेत आणि दोन वर्षांचा येरवडा आहे.

हे टाळायचं तर आधी मुक्काम नोंदवायचे आणि रेषा नंतर काढायच्या. मोजण्याचं एकक म्हणून 'रात्र' धरा. दिवसात माणूस चार गावांत भाषण करू शकतो, पण रात्री तो एकाच ठिकाणी असतो, निदान एकाच गाडीत किंवा एकाच बोटीवर असतो. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी मुंबईत उतरले, तेव्हापासून २९ जानेवारी १९४८ पर्यंत १२,०७४ रात्री होतात. म्हणजे त्या कालखंडाच्या तक्त्यात बरोबर १२,०७४ ओळी हव्यात. कमी भरल्या तर रात्र सुटली आहे, जास्त भरल्या तर एकच रात्र दोनदा आली आहे. सगळ्या ओळी पहिल्या वर्षी भरणार नाहीतच. रिकामी ओळ राहू द्या, ती खोटी रेषा काढण्यापासून आपल्याला अडवते.

सुरुवात मात्र पूर्ण आयुष्यापासून करू नका. आधी दांडीचे २५ दिवस घ्या. मग ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून सुरू झालेला आणि सुमारे नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैलांच्या आसपास झालेला हरिजन दौरा घ्या. या दोन्हीत तक्ता तावूनसुलाखून निघतो.

तीन तक्ते

सगळं एकाच तक्त्यात कोंबण्याचा मोह होतो, पण तीन वेगळे तक्ते ठेवले तरच काम निभतं.

पहिला ठिकाणांचा. प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक, तेव्हाचं नाव, आजचं नाव, तेव्हाचा जिल्हा आणि प्रांत, अक्षांश, रेखांश, आणि 'किती मीटरच्या आत खात्री आहे' हा रकाना. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मग पस्तावतात. मणिभवनाची जागा २० मीटरच्या आत सांगता येते. 'आणंद' एवढंच कळलं असेल तर ती खात्री दोन किलोमीटरची. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर चार आकडे म्हणजे सुमारे ११ मीटर, दोन आकडे म्हणजे सुमारे ११०० मीटर. गावच फक्त माहीत असताना सहा दशांश लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं.

दुसरा रात्रींचा. तारीख, ठिकाणाचा क्रमांक किंवा 'गाडीत' / 'बोटीवर', पुरावा, पुराव्याची प्रत (नक्कल नव्हे, दर्जा).

तिसरा टप्प्यांचा. निघाल्याचं ठिकाण, पोचल्याचं ठिकाण, निघण्याची आणि पोचण्याची तारीख, वाहन, मधली ठिकाणं, पुरावा, प्रत. मधल्या ठिकाणांचा रकाना महत्त्वाचा, कारण रेषेचा खरा आकार तिथूनच येतो.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर दोन अडचणी नक्की येतात. एक, एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून निघालेली 'क्लाईड' बोट त्याच्या लेखी तारीख नसून नुसती अक्षरं आहेत, त्यामुळे क्रम लावताना ती १९४७ च्या खाली जाऊन बसते. सगळ्या तारखा साध्या मजकुराच्या रूपात, आधी वर्ष मग महिना मग दिवस अशा लिहा (१८८८-०९-०४), म्हणजे अक्षरांच्या क्रमानेही त्या बरोबर लागतात. लिब्रेऑफिस कॅल्कला जुन्या तारखांची अडचण नाही. दोन, फाइल साठवताना यूटीएफ-८ प्रकारची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. आणि तारखा, अक्षांश, रेखांश यांचे आकडे या फाइलीत इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकडे नकाशाच्या प्रणालीला संख्या म्हणून कळत नाहीत. छापायच्या नकाशावर ते देवनागरीत आणता येतात.

पुरावा आणि त्याची प्रत

पाया अर्थातच गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड. त्यांच्या शेवटी तारीखवार घटनाक्रम आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर ते वाचता येतात. पण खंड आणि पानांचा क्रमांक हाच पुरावा म्हणून लिहून थांबू नका. छापील मूळ आवृत्ती आणि नंतरची संगणकीय आवृत्ती यांत खंडांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे एकाचा पान क्रमांक दुसऱ्यात सापडत नाही. पत्राची तारीख, कोणाला लिहिलं आणि कुठून, हे लिहा. ते कुठल्याही आवृत्तीत शोधता येतं.

पुराव्याच्या चार प्रती करा. पहिली: त्याच दिवशीचं, जागा आणि तारीख असलेलं पत्र किंवा तुरुंगाची, बोटीची नोंद. दुसरी: बरोबर असलेल्या सचिवाची रोजनिशी, किंवा दोन दिवसांच्या आतली वृत्तपत्रातली बातमी. तिसरी: नंतर लिहिलेल्या आठवणी, यात आत्मकथाही आली. चौथी: गावातला फलक, स्मारक, ऐकीव परंपरा. चौथ्या प्रतीचा पुरावा फेकून द्यायचा नाही. 'बापू इथे राहिले होते' असं सांगणारं गाव बहुधा खरं सांगत असतं, घसरते ती तारीख.

पुराव्यांत चार जागी हमखास फसगत होते.

वृत्तपत्रातली तारीख ही छापल्याची असते. 'काल' आणि 'परवा' यांचा हिशेब करूनच दिवस लिहा. 'यंग इंडिया' किंवा 'नवजीवन'मधल्या लेखाची तारीख ही अंकाची, लिहिण्याची नव्हे.

दौऱ्याचं आगाऊ जाहीर झालेलं वेळापत्रक म्हणजे झालेला दौरा नव्हे. प्रकृती, पाऊस, एखादी दुःखद बातमी यांनी बेत बदलत. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी शांतिनिकेतनात पोचले आणि १९ तारखेला गोखल्यांचं निधन झाल्याची बातमी आल्यावर ते पुण्याला परतले. असा उलटा टप्पा बेतात कधीच नसतो.

गुजराती पत्रांवर अनेकदा तिथी असते: 'फागण सुद' अमुक. गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात सुरू होतो आणि उत्तरेचा चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात दोन्हीकडचे आकडे एका वर्षाने वेगळे असतात. गुजराती संवत १९८६ चा फाल्गुन म्हणजे १९३० चा मार्च. महिन्यांच्या बाबतीत मराठी माणसाला सोपं जातं, कारण गुजरातप्रमाणेच आपला महिनाही अमावास्येला संपतो. पण हिंदी पत्रातली तिथी असेल तर वद्य पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढे गेलेलं असतं: आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन कृष्ण. तिथीवरून काढलेली तारीख एक दिवस इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून तक्त्यात ती '± १ दिवस' अशीच लिहा.

आणि मध्यरात्र. मीठ सत्याग्रहात गांधीजींना कराडी इथे अटक झाली ती ४ मेची रात्र उलटल्यावर, म्हणजे ५ मे १९३० ला. काही ठिकाणी ४ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी ५. रात्रींच्या तक्त्याचा नियम एकच ठेवा: रात्रीला संध्याकाळची तारीख द्यायची. ४ मेची रात्र कराडीत सुरू झाली आणि गाडीत संपली, असं शेऱ्यात लिहायचं.

तासामिनिटांपर्यंत जाणार असाल तर घड्याळही बघावं लागतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आहे, पण मुंबई शहरात मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालू होती, ती ३९ मिनिटं मागे. रेल्वेचं वेळापत्रक प्रमाणवेळेत आणि शहरातल्या सभेची वेळ मुंबई वेळेत, असं एकाच दिवशी असू शकतं.

दोन पुरावे भांडतात तेव्हा

१८८८ चा पहिला समुद्रप्रवास याचा उत्तम नमुना आहे. निघण्याची तारीख पक्की, ४ सप्टेंबर. पोचण्याची तारीख काही घटनाक्रमांत ऑक्टोबरअखेर आहे, तर आत्मकथेत सप्टेंबरअखेर, आणि वार शनिवार. वार तपासून निकाल लागेल असं वाटतं, पण २९ सप्टेंबर शनिवार होता आणि २७ ऑक्टोबरही शनिवारच. इथे वेग कामी येतो. सुएझमार्गे मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ६,२०० सागरी मैल. २५ दिवसांत पोचली असं धरलं तर थांबे धरून सरासरी दहा नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर, त्या काळच्या वाफेच्या टपालबोटीला साजेशी. ५३ दिवस धरले तर पाच नॉटपेक्षाही कमी. म्हणून सप्टेंबर. बंदराचंही तसंच. आत्मकथेत साउथॅम्प्टन आहे, पण 'आठवतं त्याप्रमाणे' अशा पुस्तीसह. संशोधकांनी टेम्सवरची टिलबरीची गोदी धरली आहे. तक्त्यात टिलबरी लिहा आणि शेऱ्यात साउथॅम्प्टन ठेवा. हरलेला पुरावा पुसून टाकला तर पुढचा माणूस तोच वाद पहिल्यापासून सुरू करतो.

'पोचले' हा शब्दही तपासून घ्या. 'कुरलँड' बोट १८ डिसेंबर १८९६ ला दर्बानला लागली, पण प्लेगचं कारण सांगून तिला बाहेरच अडकवून ठेवलं आणि गांधीजींनी जमिनीवर पाय ठेवला तो १३ जानेवारी १८९७ ला. मधल्या २६ रात्री 'बोटीवर, दर्बान बंदराबाहेर' अशा वेगळ्या ठिकाणाखाली जातात. बोट पोचल्याची तारीख घेऊन नकाशावर दर्बान शहर रंगवलं तर त्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचंच हरवतं.

गाव शोधताना

नाव टाकून अक्षांश-रेखांश आणणारी साधनं वेळ वाचवतात आणि चुकाही ढिगाने आणतात. सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच विदर्भातलं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव रेल्वेवरचं, नावाजलेलं. टपाल तिकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आज यंत्राला 'सेगाव' विचारलं तर त्या वेळच्या टपालासारखाच आपला बिंदूही शेगावला जातो, सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेला. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर असल्याने नकाशावर चूक पटकन डोळ्यात भरत नाही. १९४० पूर्वीच्या नोंदींत 'तेव्हाचं नाव' सेगाव, 'आजचं नाव' सेवाग्राम, ठिकाणाचा क्रमांक मात्र एकच.

श्रीरामपूरचं असंच. २० नोव्हेंबर १९४६ पासून गांधीजी ज्या श्रीरामपुरात राहिले ते आजच्या बांगलादेशातल्या नोआखालीतलं. यंत्र देईल ते आपल्या नगरकडचं, किंवा कोलकात्याशेजारचं हुगळीकाठचं. प्रत्येक बिंदू जिल्ह्याशी ताडून घ्या, आणि जिल्हाही तेव्हाचाच. नोआखालीचं तेव्हाचं रामगंज ठाणं आज लक्ष्मीपूर जिल्ह्यात आहे, त्यामुळे आजच्या 'नोआखाली जिल्हा' या चाळणीतून अर्धी पदयात्रा गळून पडते. त्यात मेघना नदीने तिथली जमीनच खाल्ली आहे. जुनं नोआखाली शहर नदीत गेलं आणि जिल्ह्याचं ठाणं माईजदीला हलवावं लागलं. अशा भागात आजच्या उपग्रहचित्रावर गाव शोधू नका, त्या काळचा नकाशा घ्या.

जुन्या नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणातली पत्रकं सर्वोत्तम. ती न मिळाल्यास अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात मोफत मिळते. तिच्यात रेल्वेमार्ग रुंदीसकट दाखवले आहेत. चित्ररूप नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीच्या जिओरेफरन्सरमध्ये (चित्राला अक्षांश-रेखांश जोडणाऱ्या साधनात) बसवताना तीन बिंदूंवर काम भागतं, पण चुकीचा बिंदू ओळखायचा तर आठ-दहा घ्या, आणि ते चारही कोपऱ्यांत पसरलेले घ्या. नदीचं वळण घेऊ नका, ते सरकतं. रेल्वे जंक्शन, किल्ल्याचा बुरूज, मोठं देऊळ घ्या. पत्रकाच्या चौकटीवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे उचलले तर दोन चुका आत येतात. जुनी पत्रकं एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आधारलेली आहेत, त्याने काहीशे मीटरचा फरक पडतो. फार जुन्या पत्रकांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मोजणीवर आहेत. त्यांत सुमारे अडीच मिनिटांची दुरुस्ती लागते, म्हणजे आपल्याकडे चार किलोमीटरहून अधिक. समासातली बारीक टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अक्षांश आणि रेखांश उलटे पडणं ही सगळ्यांची चूक. दांडी २०.८९ उत्तर, ७२.८० पूर्व. उलटं झालं तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पडतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून मी तिला फार घाबरत नाही. सेगावची खरी घाबरण्यासारखी.

रेषा

आता क्यूजीआयएस. सीएसव्ही आत घेताना निर्देशांक प्रणाली ईपीएसजी ४३२६ (नेहमीचे अक्षांश-रेखांश) निवडा आणि लगेच जिओपॅकेज या प्रकारच्या नकाशा-फाइलीत साठवा. जुन्या शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. 'तारीख' हे नावसुद्धा त्यात मावत नाही.

'पॉइंट्स टू पाथ' हे तयार साधन वापरू नका. ते सगळे बिंदू एका दोऱ्यात ओवतं आणि आपण पुन्हा चंपारण–दांडीच्या रेषेवर येतो. टप्प्यांच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक रेषा. वाहनानुसार ती तीन तऱ्हांनी काढावी लागते.

रेल्वे: ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे रेल्वेमार्ग घ्या आणि त्यांवर 'शॉर्टेस्ट पाथ' (सर्वांत जवळची वाट काढणारं साधन) चालवा, पण त्याआधी प्रत्येक मार्गाला सुरू झाल्याचं वर्ष जोडा. नाहीतर यंत्र गांधीजींना कोकण रेल्वेत बसवतं. ते १ मार्च १९२७ ला रत्नागिरीला होते आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. वर्धा–बल्लारशाह–काझीपेठ हा आज दिल्ली–मद्रासचा सरळ रस्ता वाटतो, पण बल्लारशाह ते काझीपेठ हा सांधा १९२० च्या दशकाच्या अगदी शेवटी जुळला. त्याआधीचा मद्रास दौरा त्या वाटेने काढला तर चूकच. उलट, त्या काळचे कित्येक अरुंद मार्ग आज उखडले गेले आहेत. ते जुन्या पत्रकांवरून हाताने काढावे लागतात. मार्गाबद्दल पुरावा नसेल तर तुटक रेषा.

१८९३ चा दर्बान–प्रिटोरिया प्रवास सगळ्यांना पीटरमॅरिट्झबर्गच्या ७ जूनच्या रात्रीमुळे माहीत आहे, पण बरेच नकाशे तो पूर्ण रेल्वेने काढतात. तेव्हा चार्ल्सटाउनच्या पुढे जोहान्सबर्गपर्यंत रेल्वे नव्हती. तो तुकडा घोडागाडीचा: चार्ल्सटाउन, पार्डेकोप, मुक्काम स्टँडर्टन, मग जोहान्सबर्ग. तिथून पुन्हा रेल्वेने प्रिटोरिया. मारहाण झाली ती याच घोडागाडीवर. एक प्रवास, तीन टप्पे, दोन वाहनं.

अटकेचे टप्पे विशेष जपून काढा, कारण सरकार मुद्दाम मोठं स्टेशन टाळत असे. १९३० मध्ये कराडीहून नेताना गाडी बोरिवलीजवळ थांबवून पुढे मोटारीने येरवडा. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईहून निघालेली खास गाडी चिंचवडला थांबवून तिथून मोटारीने आगाखान पॅलेस. दोन्ही वेळा पुणे स्टेशनापर्यंत रेल्वेची रेषा नेणं चूक.

समुद्र: बंदर ते बंदर सरळ रेषा काढली तर ती अरबस्तानावरून जाते. मधले बिंदू घ्या. १८८८ ला मुंबई, एडन, बाब-एल-मंदेब, सुएझ, पोर्ट सैद, ब्रिंडिसी, माल्टा, जिब्राल्टर, प्लिमथ. १८९३ ला लामू, मोंबासा, झांझिबार, मोझांबिक, दर्बान. मग समुद्री रेषांचा जमिनीच्या थराशी छेद तपासा. सुएझ कालव्याखेरीज कुठेही छेद आला तर तिथे आणखी बिंदू हवा. १९३१ च्या गोलमेज परिषदेहून परतताना ब्रिंडिसीपर्यंत जमिनीचा प्रवास आहे (लंडन, पॅरिस, व्हिलनव्ह, रोम) आणि १४ डिसेंबरला 'पिल्सना' बोट. जाताना मात्र 'राजपुताना'ने मार्सेय. जाण्यायेण्याची एकच रेषा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पायी चालणं: इथे रस्ता शोधणारं यंत्र पूर्ण बंद ठेवा. दांडीयात्रेत १९ मार्चच्या रात्री कंकापुऱ्याहून मही नदी ओलांडली ती चिखल तुडवत आणि होडीने, पलीकडे कारेली. यंत्र पूल शोधतं आणि सत्याग्रहींना नदीच्या वर दूरवर फिरवून आणतं. गावागावांतली शिवेची वाट जुन्या पत्रकावरून काढा: असलाली, नवागाम, मातर, नडियाद, आणंद, बोरसद, रास, आणि नदीपार जंबुसर, आमोद, समनी, भरुच, अंकलेश्वर, डेलाड, सुरत, नवसारी, मटवाड, दांडी. आणंद, समनी आणि डेलाड इथे दोन-दोन रात्री येतात, कारण १७, २४ आणि ३१ मार्च हे सोमवार होते, मौनाचे आणि विश्रांतीचे.

अंतर मोजताना

दांडीयात्रेचं अंतर २४१ मैल, म्हणजे सुमारे ३८८ किलोमीटर. साबरमती आश्रम ते दांडी हे सरळ हवाई अंतर सुमारे २४० किलोमीटर निघतं. कुणी २४१ हा आकडा किलोमीटर समजून घेतला आणि नकाशावर पट्टी लावली तर दोन्ही 'जुळतात' आणि चूक कायमची पक्की होते. म्हणून मूळ आकडा ज्या एककात आहे त्याच एककात लिहून ठेवा आणि रूपांतराचा रकाना वेगळा करा. २५ दिवसांतले तीन सोमवार वजा केले तर चालण्याचे २२ दिवस, रोजची सरासरी साडेसतरा किलोमीटर. तुमच्या रेषेची लांबी ३५० किलोमीटरच्या खाली आली तर कुठेतरी गाव गाळलं आहे.

मोजणी लंबगोल पृष्ठावर करा. वेबवरच्या नकाशांचं मर्केटर प्रक्षेपण वर्ध्याच्या अक्षांशावर अंतर सुमारे सात टक्के फुगवतं आणि लंडनच्या अक्षांशावर साठ टक्के. त्यामुळे इंग्लंडातल्या लँकेशायरचा छोटा दौरा विदर्भातल्या दौऱ्यापेक्षा उगाच मोठा दिसतो.

चाळणी

तक्ते भरत जाल तसतशा चार तपासण्या दर आठवड्याला चालवा. एका रात्रीला दोन ठिकाणं आहेत का. एका टप्प्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकाच ठिकाणी आहे का. वेग शक्य आहे का: पायी दिवसाला ४० किलोमीटरच्या वर, रेल्वे सरासरी ताशी ६० च्या वर, बोट १८ नॉटच्या वर गेली तर ती ओळ लाल करा. आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या पुराव्यावर उभ्या असलेल्या सलग ओळी किती. पाचपेक्षा जास्त असतील तर तो तुकडा नकाशावर फिकट दाखवा. लाल ओळ म्हणजे चूकच असं नाही, पण ती पुन्हा वाचल्याशिवाय सोडायची नाही.

जे थांबले ते कसं दाखवायचं

रेषांचा नकाशा हालचालच दाखवतो, तुरुंग त्यात दिसतच नाही. ९ ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ या काळात आगाखान पॅलेसमध्ये ६३६ रात्री गेल्या, महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले, आणि नकाशावर तिथे एक टिंब. म्हणून रात्रींच्या संख्येनुसार वर्तुळं काढा. वर्तुळाचं क्षेत्रफळ रात्रींच्या प्रमाणात हवं, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात: ६३६ रात्रींच्या वर्तुळाची त्रिज्या एका रात्रीच्या पंचवीसपट. त्रिज्याच ६३६ पट केली तर पुण्याखाली अख्खा देश झाकला जाईल. तुरुंग, आश्रम आणि पाहुणचार असे तीन रंग ठेवा. १२ जानेवारी १९२४ ला येरवड्याहून ससून रुग्णालयात हलवलं, तो शहरातल्या शहरात झालेला बदलही टप्पा म्हणून नोंदवा.

छपाई आणि प्रकाशन

एका नकाशात सगळं बसवू नका. जगाचा एक, दक्षिण आफ्रिकेचा एक, भारताचे निदान तीन कालखंड (१९१५–२२, १९२४–३४, १९३४–४८) आणि दांडी व नोआखालीचे मोठ्या प्रमाणातले स्वतंत्र. २ जानेवारी ते २ मार्च १९४७ ही ४७ गावांची, ११६ मैलांची अनवाणी पदयात्रा देशाच्या नकाशावर टाचणीच्या टोकाएवढी होते. रंग वाहनाला, रेषेची तऱ्हा खात्रीला (अखंड, तुटक, ठिपक्यांची) आणि जाडी किती वेळा गेले याला. वर्धा–मुंबईसारख्या मार्गाला बाण लावू नका, जाडीच पुरे. चलनचित्र करायचं असेल तर क्यूजीआयएसच्या ३.१४ आवृत्तीपासून टेम्पोरल कंट्रोलर (तारखेनुसार नकाशा पुढे सरकवणारं साधन) आहे. एक चौकट एका आठवड्याची ठेवा. दिवसाची ठेवली तर पाहणारा दमतो, महिन्याची ठेवली तर हरिजन दौरा ढगासारखा दिसतो.

नावांसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे टंक घ्या, अक्षराभोवती पांढरी कडा द्या, आणि छापण्याआधी जोडाक्षरं तपासा: 'स्टँडर्टन' आणि 'ब्रिंडिसी' ही दोन नावं आधी बघा, मोडायची असतील तर तीच मोडतात. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीच्या नकाशावर तेव्हाच्या प्रांतांच्या सीमा दाखवा. पेशावर आणि नोआखाली त्या काळी परदेशात नव्हते. आजच्या सीमा दाखवायच्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्याच घ्या, वेबवरच्या तयार पायानकाशावर विसंबू नका. ओपनस्ट्रीटमॅप वापरला असेल तर श्रेयाची ओळ नकाशावरच हवी.

रात्रींचा तक्ता २९ जानेवारी १९४८ ला, दिल्लीतल्या बिर्ला भवनात संपवा. त्यानंतर अस्थींची खास गाडी दिल्लीहून अलाहाबादला गेली आणि १२ फेब्रुवारीला संगमावर विसर्जन झालं. बाकीच्या अस्थी देशभरातल्या नद्यांकडे गेल्या. ते टप्पे वेगळ्या फाइलीत ठेवा, त्यांना वेगळा रंग द्या, आणि एकूण अंतराच्या बेरजेत ते मिसळू देऊ नका.